आंतड्यावरील शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो चारचौघांत बोलण्याचा नव्हे असें आपल्याकडे समजलें जातें. हृदयविकाराविषयीं आपण दिवाणखान्यांत बसून बोलतों, मोतीबिंदु काढून आलेल्या गृहस्थाला सर्वांसमक्ष, "आतां स्पष्ट दिसतें ना?" असें विचारतों; परंतु आंतडें, शौच, वायु हे शब्द निघाले कीं मंडळी खालीं पाहूं लागतात. या संकोचापायीं मीं माझे आठ महिने गमावले, आणि या संकोचापायींच एका स्नेह्याच्या बाबतींत माझ्या हातून जी चूक झाली ती भरून निघण्यासारखी नाहीं. ती हकीकत शेवटीं सांगेन.

प्रथमच स्पष्ट करतों कीं, मी वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत पस्तीस वर्षें भूगोल व गणित शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. २०२२ सालीं माझ्या गुदाशयांत, म्हणजे मोठ्या आंतड्याच्या अगदीं शेवटच्या भागांत, कर्करोगाची गांठ निघाली व ती शस्त्रक्रिया करून काढावी लागली. त्या वेळीं जें सोसलें, जें पाहिलें, आणि मागाहून डॉक्टरांना विचारून जें समजून घेतलें, तेवढेंच आपल्यापुढें ठेवतों. ज्यांच्या घरीं असा प्रसंग आला असेल, त्यांना पुढच्या वाटेचा थोडासा नकाशा हातीं यावा, एवढाच हेतु.

आधीं या अवयवाची ओळख करून घेऊं. लहान आंतडें सुमारें ६ मीटर लांब असतें व मोठें सुमारें दीड मीटर. लहान आंतडें अन्नरस शोषून घेतें. मोठें मुख्यतः पाणी व क्षार शोषून मळ घट्ट करतें. हें सर्व वेटोळें कधीं स्वस्थ नसतें. त्याच्या भिंतींतून एकामागून एक लाटा जात असतात व त्या अन्नाला पुढें ढकलतात. आंतड्यांतील मळांत असंख्य जंतु असतात. तेव्हां आंतडें कापून पुन्हा जोडावयाचें तर तो सांधा असा घट्ट बसला पाहिजे कीं, त्यांतून थेंबहि पोटाच्या पोकळींत झिरपूं नये. सगळी अडचण या सांध्याची आहे.

ही अडचण आपल्या पूर्वजांनाहि ठाऊक होती. सुश्रुतसंहितेंत फाटलेल्या आंतड्याच्या कडा एकत्र धरून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावा घेववावा, मुंग्यांचीं धडें तोडून डोकीं तशींच राहूं द्यावीं व मग आंतडें आंत सारून पोट शिवावें, असा विधि सांगितला आहे. पुढें १८२६ सालीं लांबेर या फ्रेंच शल्यवैद्यानें आंतड्याची बाहेरची त्वचा बाहेरच्या त्वचेला भिडेल असा टांका काढला. शिवणीचें तें तत्त्व अजूनहि पाळलें जातें. १८४६ मध्यें ईथरनें बेशुद्धि आणतां येऊं लागली आणि १८६७ मध्यें लिस्टर यांनीं जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धति प्रसिद्ध केली. त्यानंतरच पोट उघडणें हें मोठें साहस न राहतां उपचार ठरलें. आतां तर पुष्कळदां पोट लांब न चिरतां, चार-पांच लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारें घालून हें काम करतात, व सांधा दोऱ्यानें अथवा धातूच्या बारीक टांचण्यांनीं जोडतात.

माझ्या आठ महिन्यांविषयीं आतां सांगतों. शौचावाटे रक्त दिसलें तेव्हां मीं स्वतःच निदान केलें कीं, ही मूळव्याध. वडिलांना होती, मला झाली, त्यांत विशेष तें काय! औषधांच्या दुकानांतून मलम आणलें व कपाटांत पुस्तकांमागें लपविलें. पुढें शौचाच्या वेळा बदलल्या, वजन उतरलें, चेहरा पांढुरका पडला. शेवटीं पत्नीनें ती नळी पाहिली आणि मला ओढूनच डॉक्टरांकडे नेलें. दुर्बिणीची तपासणी अर्ध्या तासांत आटोपली. जिला मीं आठ महिने भीत होतों, ती तपासणी गुंगींत झाली व मला कळलीहि नाहीं. श्रोतेहो, शौचावाटे रक्त जाणें, नेहमींची संवय कांहीं आठवडे बदललेली राहणें, कारणावांचून वजन अथवा रक्त कमी होणें, यांपैकीं कांहींहि आढळलें तर घरच्या घरीं मूळव्याधीचा शिक्का मारूं नका.

आधीं कांहीं आठवडे किरणोपचार झाले, व ऑगस्ट २०२२ मध्यें शस्त्रक्रिया ठरली. तयारीचे दिवस वायां घालवूं नयेत असें मला तेथें शिकविण्यांत आलें. रोज चालावें, धूम्रपान असल्यास सोडावें, आणि तीन गोळ्यांचें एक लहानसें यंत्र असतें, त्यांत श्वास ओढून त्या गोळ्या वर उचलण्याचा सराव करावा. आदल्या दिवशीं रेचक पावडरीचें पाणी पिऊन आंतडें स्वच्छ करावें लागलें. पूर्वीं मध्यरात्रीपासून निर्जळी उपास असे. आतां बहुतेक रोग्यांना भूल देण्यापूर्वीं दोन तासांपर्यंत पाण्यासारखें स्वच्छ पेय घेऊं देतात. मात्र ही सवलत सर्वांना नसते. भूल देणारे डॉक्टर सांगतील तेंच खरें.

शुद्धीवर आल्यावर मीं प्रथम नळ्या मोजल्या. हातांत सलाईन, लघवीसाठीं एक, पोटाच्या बाजूला एक. घाबरूं नका; एकेक करून सर्व निघतात. वेदना होतात, परंतु मीं कल्पिल्या होत्या त्याहून पुष्कळ कमी. दांत आवळून सोसण्यांत पुरुषार्थ नाहीं. वेदना चढण्यापूर्वींच सांगावें. कारण दुखतें म्हणून माणूस खोल श्वास घेत नाहीं, खोकत नाहीं, हालत नाहीं, व त्यांतून छातींत कफ सांठतो आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. खोकतांना उशी पोटाशीं घट्ट धरावी, टांक्यांना आधार मिळतो. माझा उजवा खांदा दुखूं लागला तेव्हां मला वाटलें, टेबलावर पडल्यामुळें आखडला असेल. तसें नव्हतें. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत पोट फुगविण्यासाठीं कार्बन डायॉक्साइड वायु भरतात; त्यानें छाती व पोट यांमधील पडदा चाळवला जातो व दुखणें खांद्यांत जाणवतें. दोन दिवसांत तें आपोआप गेलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच सिस्टरनीं मला उठवून उभें केलें. घरचीं मंडळी चकित झालीं. आमच्या लहानपणीं पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कूस बदलूं देत नसत आणि वायु सरेपर्यंत तोंडांत पाण्याचा थेंब घालीत नसत. हा विचार पालटविण्यांत कोपनहेगन येथील शल्यवैद्य हेन्रिक केलेट यांचा मोठा वांटा आहे. १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, वेदना नीट आवरल्या, नळ्या लवकर काढल्या, रोग्याला लवकर चालविलें व लवकर खाऊं घातलें, तर तो लवकर बरा होतो. आतां तर कांहीं ठिकाणीं रोग्याला चघळण्यास च्युइंगमदेखील देतात. चघळण्यानें आंतड्याला वाटतें कीं अन्न येत आहे, व तें जागें होऊं लागतें.

कारण शस्त्रक्रियेनंतर आंतडें झोपीं जातें. लहान आंतडें बहुधा एका दिवसांत जागें होतें, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. तोंवर पोट फुगतें, मळमळतें. माझ्या शेजारच्या खाटेवरील गृहस्थांच्या मोठ्या आंतड्याचा डावा भाग काढला होता. त्यांना प्रत्येक फेरीला एकच प्रश्न विचारला जाई, "काका, गॅस पास झाला कां?" आणि त्यांचा मुलगा व सून मॅट्रिकच्या निकालाची वाट पाहावी तशीं त्यांच्या तोंडाकडे पाहत बसत. चौथ्या दिवशीं पहांटे तो निकाल लागला, आणि सर्व खोलीला आनंद झाला. ज्या गोष्टीला आपण हंसतों, ती किती मोलाची आहे हें तेथें कळतें.

तिसऱ्या दिवशीं मला कारण नसतां रडूं आलें. पस्तीस वर्षें वर्गापुढें उभा राहिलेला माणूस भिंतीकडे तोंड करून रडत होता. सिस्टर म्हणाल्या, "काका, तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पुष्कळांचें असें होतें." तें ऐकूनच निम्मा भार उतरला. घरच्यांनींहि हें ध्यानांत ठेवावें व रोग्याला 'धीर धरा' असा उपदेश न करतां नुसतें जवळ बसावें.

आतां त्या गोष्टीकडे येतों, जिच्या भीतीनें लोक शस्त्रक्रियाच टाळतात. गुदाशयाच्या खालच्या भागांतील सांधा नाजूक असतो. तो भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊं नये म्हणून लहान आंतड्याचा एक वेढा पोटाच्या त्वचेंतून बाहेर काढतात व त्यावर पिशवी बसवितात. कित्येकांना ती कांहीं महिन्यांपुरती असते, कांहींना कायमची. शस्त्रक्रियेपूर्वींच सिस्टर रोग्याला बसवून, उभें करून, वांकवून पोटावर शाईची खूण करतात, म्हणजे ती जागा पट्ट्याखालीं अथवा पोटाच्या घडींत येत नाहीं. तें तोंड लालबुंद व ओलसर, ओठाच्या आंतल्या बाजूसारखें दिसतें. त्याला हात लावला तरी दुखत नाहीं. प्रथम तें सुजलेलें असतें, सहा ते आठ आठवड्यांत लहान होतें. पिशवी एक-तृतीयांश भरली कीं रिकामी करावयाची आणि तिची चकती साधारण तीन-चार दिवसांनीं बदलावयाची, एवढेंच तें काम आहे. ही चिकटणारी पिशवी १९५४ सालीं एलिझ सोरेन्सेन नांवाच्या एका डॅनिश परिचारिकेनें आपल्या बहिणीसाठीं योजिली. बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली होती.

पहिले पांच दिवस मीं पिशवीकडे पाहिलें नाहीं. सिस्टर ती रिकामी करीत, आणि मी छताकडे पाहत असें. घरीं सोडण्याचा दिवस जवळ आला तशी पत्नी सर्व शिकून घेऊं लागली. सहाव्या दिवशीं ती हातमोजे घालून पुढें आली तेव्हां मी ओशाळून म्हणालों, "तुला हें काम करावें लागतें." ती म्हणाली, "अहो, मला कांहीं वाटत नाहीं. पण मुलांना जन्मभर स्वावलंबन शिकविलेंत, आणि आतां स्वतः छताकडे कां पाहतां?" त्या दिवशीं मीं प्रथम आपल्या हातानें पिशवी रिकामी केली. हात कांपले, थोडें सांडलेंहि. आठवड्याभरांत तें काम मला दाढी करण्याइतकें साधें वाटूं लागलें. रोग्याला शक्य तितक्या लवकर हें स्वतः करूं द्यावें. त्यांतच त्याचा मान परत मिळतो.

सातव्या दिवशीं घरीं आलों. घरीं आल्यावर कांहीं लक्षणांवर नजर ठेवावी लागते. सांधा झिरपूं लागला तर तें बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यांत कळतें. १००.४ अंशांच्या वर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोटाचा फुगवटा, नाडीची धडधड, वारंवार उलट्या, मळ व वायु अजिबात बंद होणें, जखमेंतून पू, एका पोटरीला सूज, एकाएकीं धाप, अथवा पिशवींतील लाल तोंड काळें पडणें, यांपैकीं कांहींहि झालें तर रात्र असली तरी रुग्णालयाला कळवावें. 'सकाळपर्यंत पाहूं' असें म्हणूं नये.

खाण्याविषयीं घरोघरीं वाद होतात. कोणी साजूक तूप व डिंकाचे लाडू घेऊन येतात, कोणी लंघन सांगतात. मला सांगितलेला क्रम असा: प्रथम पातळ, मग मऊ भात, मुगाचें वरण, ताक, पिकलेलें केळें, उकडलेला बटाटा, अंडें, थोडें थोडें, दिवसांतून पांच-सहा वेळां, व चावून चावून. पहिले कांहीं आठवडे कच्च्या भाज्या, सालपटें, मका, शेंगदाणे, ओल्या नारळाचा चोथा हें वर्ज्य. तें पिशवीच्या तोंडाशीं अडकूं शकतें. नंतर एका वेळीं एकच नवा पदार्थ घेऊन पाहावा, म्हणजे कोणता सोसला नाहीं हें कळतें.

येथें माझी एक चूक सांगतों. लहान आंतड्याची पिशवी असली म्हणजे मोठें आंतडें वाटेंतून वगळलें जातें, म्हणून शरीराचें पाणी व मीठ पिशवीवाटे जात राहतें. ऑक्टोबरच्या उन्हांत मला फार तहान लागे, आणि मी माठांतील पाणी तांब्यामागून तांब्या पीत असें. जितकें पीत असें तितकी पिशवी अधिक भरे. चौथ्या दिवशीं पायांत गोळे आले व मी न्हाणीघरांत चक्कर येऊन पडलों. दोन दिवस सलाईन लागलें. नुसत्या पाण्यानें मीठ अधिकच धुऊन जातें, हें मला ठाऊक नव्हतें. अशा रोग्यानें मीठ-साखरेचें तयार क्षारपाणी घ्यावें. चोवीस तासांत पिशवींतून दीड लिटरपेक्षां अधिक गेलें अथवा लघवी कमी व गडद झाली, तर डॉक्टरांना विचारावें.

शक्ति परत येण्यास वेळ लागतो. सहा आठवडे चार-पांच किलोंहून जड कांहीं उचलूं नये. बाहेरची जखम पंधरा दिवसांत भरलेली दिसते, पण पोटाच्या भिंतीचे आंतले थर अजून कच्चे असतात. त्यांवर ताण पडला तर तेथें अंतर्गळ होतो. पाण्याची भरलेली बादली, गव्हाचा डबा आणि धांवत येणारें नातवंड, तिन्ही वर्ज्य! चालणें मात्र रोज वाढवावें. मी पहिल्या दिवशीं अंगणापर्यंत, पंधराव्या दिवशीं चौकापर्यंत, दोन महिन्यांनीं मंडईपर्यंत गेलों. दुपारीं थकवा येई तो तीन महिने येत राहिला.

जानेवारी २०२३ मध्यें दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेनें पिशवी बंद केली. मला वाटलें, सर्व पूर्ववत् झालें. तसें लगेच होत नाहीं. गुदाशय ही मळ सांठविण्याची कोठी आहे; ती लहान झाली म्हणजे दिवसांतून आठ-दहा वेळां जावें लागतें, आणि लागली कीं थांबवत नाहीं. घरापासून मंडईपर्यंत शौचालयें कोठें कोठें आहेत, एवढाच भूगोल त्या काळीं माझ्या डोक्यांत होता. गुदद्वाराचे स्नायु आंवळून धरण्याचा व्यायाम, ठराविक वेळचें जेवण व डॉक्टरांनीं दिलेलें औषध यांनीं वर्षभरांत पुष्कळ सुधारणा झाली. कांहींना दोन वर्षें लागतात, आणि कांहींना थोडा त्रास राहतोच. हें आधीं कळलें असतें तर मी इतका निराश झालों नसतों.

आतां त्या स्नेह्यांची गोष्ट. ते आमच्या शाळेंत चित्रकला शिकवीत. नोव्हेंबर २०२२ मध्यें ते माझ्या समाचाराला आले. मीं सर्वांना पोटाची किरकोळ शस्त्रक्रिया झाली एवढेंच सांगितलें होतें. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते हळूच म्हणाले, "गुरुजी, मलाहि आंतड्याची गांठ सांगितली आहे. पोटावर पिशवी बसवावी लागेल म्हणतात. तसलें जिणें माझ्यानें व्हावयाचें नाहीं." त्या वेळीं माझ्या सदऱ्याखालीं पिशवी होती. आम्ही एकाच झोपाळ्यावर बसलों होतों. सदरा वर करून एवढेंच म्हणावयाचें होतें, "मास्तर, हें पाहा; मी याच्यासकट आतांच तुमच्याबरोबर चहा प्यालों." मी बोललों नाहीं. मला लाज वाटली. 'डॉक्टरांचें ऐका' असें मोघम कांहींतरी म्हटलें व त्यांना निरोप दिला. त्यांनीं शस्त्रक्रिया नाकारली, निरनिराळे काढे घेतले. पुढें आंतडें पूर्ण बंद झालें तेव्हां ऐन वेळीं तीच पिशवी बसवावी लागली, पण तोंवर रोग यकृतांत पसरला होता. २०२४ सालीं ते गेले.

मी बोललों असतों तर ते वांचले असते असें मी म्हणत नाहीं. तें कोणालाच सांगतां येणार नाहीं. परंतु त्यांनीं निर्णय घेतला तो पिशवीच्या कल्पनेला भिऊन, आणि ती कल्पना खोटी आहे हें दाखविणारा पुरावा माझ्या अंगावर होता. पुढें माझ्या वाचनांत आलें कीं, आंरी मातीस या फ्रेंच चित्रकारावर १९४१ सालीं ल्यों येथें आंतड्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हां त्याचें वय ७१ होतें. फार वेळ उभें राहवेना म्हणून तो खुर्चींत अथवा अंथरुणांत बसून रंगीत कागद कात्रीनें कापूं लागला, आणि त्यांतून त्याची अत्यंत नांवाजलेलीं चित्रें झालीं. तो १९५४ पर्यंत जगला. ही गोष्ट चित्रकलेच्या शिक्षकांना सांगण्यासारखी होती.

श्रोतेहो, आपल्यांपैकीं कोणी या प्रसंगांतून गेले असतील, तर माझी एवढीच विनंति आहे: शेजारीं, नात्यांत, कचेरींत कोणी याच वाटेच्या तोंडाशीं येऊन घुटमळत असेल, तर त्याच्याजवळ जा आणि आपली हकीकत सांगा. औषधोपचार डॉक्टर सांगतील. घरीं कसें होतें, पहिल्यांदा हात कसे कांपतात आणि पुढें कसे कांपत नाहींत, हें मात्र त्याला तुम्हींच सांगावयाचें आहे.